नव्या हाताला जाणता बैल

उदगीरच्या मुलखात जनावर कसे घ्यावे हे कुणाला शिकवावे लागत नाही. देवणी जातीच्या गाई-बैलांचा हा मुलूख. ज्या गावावरून या जातीला नाव मिळाले ते देवणी पूर्वी उदगीर तालुक्यातच होते. आता तो स्वतंत्र तालुका आहे. अंगाने पांढराशुभ्र तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडावर काळी छटा असलेला तो वानेरा, आणि अंगभर काळे ठिपके असलेला तो शेवरा, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. पण या सगळ्याच्या आधी, घरून निघतानाच, एक प्रश्न सुटलेला असतो: बैल हाकणार कोण? मुरलेला गडी असेल तर तापट खोंडही चालतो. घरचे पोर पहिल्यांदाच औत धरणार असेल तर मात्र शांत, जाणती जोडी शोधायची. कारण नव्या हाताकडून चुका व्हायच्याच. त्या पोटात घालणारे जनावर हवे.

हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण मोटारसायकलच्या शोरूमचे दार उघडताच कुठे जाते, हे मला कळलेले नाही. तिथे बैल कोण हाकणार हा प्रश्न कुणी विचारतच नाही. रंग कोणता, आवाज कसा, पळते किती, आणि अलीकडे महिन्याचा हप्ता किती, एवढ्यावर सौदा होतो.

मी निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षे दुचाकीवर काढली. आधी लुना, मग जुनी राजदूत, नंतर शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी. गाडीतले यांत्रिक ज्ञान म्हणाल तर प्लग साफ करण्यापुरते. तरीही पाडवा आणि दसरा जवळ आला की नात्यागोत्यातले, शेजारपाजारचे कुणी ना कुणी दारात येते आणि म्हणते, "गुरुजी, पोराला गाडी घ्यायचीय, तेवढं बघायला चला." अशा बऱ्याच गाड्या बघून झाल्यावर जे उमगले ते इथे मांडतो.

निवड नव्हती तेव्हा

आमच्या उमेदीच्या काळात निवड करण्याची वेळच येत नसे. गावात फटफटी म्हणजे राजदूत, येझदी नाहीतर बुलेट. एकशे पंचाहत्तर सीसीची राजदूत दुधाच्या कॅन्या वाहायची, ग्रामसेवकाला गावोगाव फिरवायची. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे. येझदीची किक मारायचा आणि गिअर बदलायचा दांडा एकच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. एका गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की पुन्हा पहिलीच्या वर्गात. गाडी माणसाच्या मापाने येत नसे; माणूस गाडीच्या मापाने स्वतःला घडवून घेई.

१९८४ ते १९८६ या काळात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि चित्र पालटले. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. चार-स्ट्रोक इंजिन, कमी पेट्रोल, कमी आवाज. त्याच वर्षी आरएक्स १०० आली. वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद अकरा अश्वशक्ती, म्हणून तरुणांच्या काळजात जाऊन बसली. १९९६ साली तिचे उत्पादन थांबले, तरी तिचे नाव काढले की आजही पन्नाशीतले लोक हसतात. १९९४ साली स्प्लेंडर आली आणि मराठवाड्यातल्या शिक्षकाची, तलाठ्याची, विमा प्रतिनिधीची ओळखच होऊन बसली. २००१ साली पुण्याच्या बजाजने पल्सर काढली आणि गाडी म्हणजे केवळ वाहन ही कल्पना तिथे संपली. पोरांना गाडीत आपला चेहरा दिसू लागला.

याच काळातली एक गोष्ट सांगितली नाही तर हा इतिहास खोटा ठरेल. आपल्याकडे कित्येक तरुणांनी पहिली मोटारसायकल निवडलीच नाही. ती लग्नात आली. याद्यांच्या बैठकीत सोने, भांडी आणि 'गाडी' असे बोलले जायचे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. पण बैठकीतल्या सतरंजीवर तो कुणी अंथरला नाही. मुलीच्या बापाने शेत गहाण टाकून घेतलेली गाडी जावयाने गावात मिरवायची, आणि चालवायला शिकायचे ते त्याच गाडीवर, वरातीनंतरच्या आठवड्यात. गाडी ही मिरवण्याची वस्तू आहे, हा समज इतका खोल गेला त्यामागे ही रीतही आहे.

वजन, उंची आणि ताकद

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचा नंबर लागला. वय एकोणीस, कॉलेजचे पहिले वर्ष, उंची पाच फूट चार इंच, वजन पन्नास किलो. सायकलपलीकडे काही चालवलेले नाही. त्याला हवी होती दोनशे सीसीची, पुढे झुकून बसायची, पंचवीस अश्वशक्तीची गाडी. मी शंभर सीसीच्या गाडीपाशी थांबलो तर म्हणाला, "काका, तुम्ही गुरुजीची गाडी दाखवलालाव मला."

मी त्याला म्हटले, "बरं, तुझ्या आवडीच्या गाडीवर बस. स्टँड काढ. आता दोन्ही पाय टेकव." पाय टेकले, पण चवड्यांवर. "आता खाली उतरून ती वीस पावले मागे ढकल." शोरूमच्या फरशीवर त्याने ती ढकलली, वळवताना मात्र गाडी बाहेरच्या बाजूला कलली आणि दुकानातल्या मुलाने धरली म्हणून बरे.

नवशिक्या माणसाचे बहुतेक पडणे वेगात होत नाही. ते थांबताना, वळताना, चढावर निघताना, फाटकात गाडी फिरवताना होते. त्या वेळी उपयोगी पडते ती इंजिनची ताकद नव्हे, तर जमिनीला टेकलेला पाय आणि आवरता येईल एवढे वजन. स्प्लेंडरचे वजन ११२ किलो आणि सीटची उंची ७८५ मिलिमीटर. नव्या बुलेट ३५०चे वजन १९५ किलो, सीट ८०५ मिलिमीटर. सीटच्या उंचीत फरक दोन सेंटिमीटरचा, पण वजनात ८३ किलोंचा. म्हणजे एक भरभक्कम माणूस कायमचा मागे बसवल्यासारखे. बुलेट वाईट गाडी नव्हे. मुरलेल्या हाताला ती साजते. पन्नास किलोच्या नवशिक्या मुलाने तिच्यावर क्लच शिकू नये, एवढेच.

ताकदीचे गणितही असेच. शंभर सीसीच्या गाडीत साधारण आठ अश्वशक्ती असते. नवशिक्याचे मनगट दचकले की अ‍ॅक्सिलरेटर जास्त पिळला जातो, हे प्रत्येक शिकाऊ माणसाचे होते. आठ अश्वशक्तीची गाडी अशा वेळी थोडी उसळी घेते किंवा बंद पडते. पंचवीस अश्वशक्तीची गाडी समोरच्या भिंतीपर्यंत नेऊन सोडते. चूक तीच, शिक्षा वेगळी. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो आणि परीक्षा झाली तसे विसरलो. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. समोर म्हैस आली हे डोळ्यांना कळून हाताला कळेपर्यंतच तेवढे अंतर गेलेले असते.

टपालाची पिशवी आणि गिअरची गाडी

याच शोरूममध्ये काही महिन्यांपूर्वी एका मुलीबरोबर गेलो होतो. दहावीच्या गुणांवर तिची ग्रामीण डाक सेवक म्हणून निवड झाली होती. या नोकरीच्या अटींत सायकल चालवता आली पाहिजे असे असते, आणि स्कूटर किंवा मोटारसायकल येत असेल तर तेही सायकल येण्यासारखेच धरतात. घरात म्हणणे पडले की मुलीला स्कूटरच बरी. तिने मात्र आधी कामाची जागा जाऊन बघितली. उदगीरपासून पंचवीस किलोमीटर, शेवटचे चार कच्चे. पावसाळ्यात काळी माती. तिचे म्हणणे असे की खड्ड्यात मोठे चाक तरते, लहान चाक अडकते. आणि गिअरची गाडी उतारावर इंजिनाच्या जोरावरही आवरता येते. मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही.

तिने पाच गाड्यांवर बसून बघितले. प्रत्येक वेळी साडीत नव्हे तर रोजच्या सलवार-कमीजमध्ये, पाठीला पिशवी लावून. पाय सपाट टेकतो का, हात न ताणता हँडल फिरते का, मधल्या स्टँडवर एकटीला चढवता येते का. शेवटचा प्रश्न तिने विक्रेत्याला विचारला तो असा: "पंक्चर झालं तर माझ्या गावात याचं चाक कोण काढून देईल?" त्याच्याकडे उत्तर नव्हते. तिने गावात फोन लावला आणि तिथल्या सायकल दुकानदाराला विचारून घेतले. मग शंभर सीसीची गाडी ठरली.

महिन्याचा हिशेबही तिने वहीत मांडला होता. रोजचे जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, सव्वीस दिवस, म्हणजे तेराशे. लिटरला साठ किलोमीटर धरले तर बावीस लिटर पेट्रोल. लिटरला पस्तीस देणारी मोठी गाडी असती तर सदतीस. दर महिन्याला पंधरा लिटरचा फरक. लहान पगारात हा फरक म्हणजे किराण्याची अर्धी यादी.

आपले रस्ते, आपले ब्रेक

शहरातल्या जाहिरातीतला रस्ता आणि आपला रस्ता यांत फरक आहे. सुगीत आपल्या रस्त्यावर सोयाबीन आणि तूर वाळत घातलेली असते; त्या दाण्यांवरून चाक घसरते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याशिवाय उभा असतो. पहिल्या पावसात काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की चाक फिरेनासे होते. अशा रस्त्यासाठी गाडी बघताना तीन गोष्टी बघाव्यात: दिवा, टायर आणि ब्रेक.

दिवा दुकानातल्या उजेडात नेहमीच चांगला दिसतो. ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याच्यामागे अंधारात एक चक्कर मारून यावे. टायरचे म्हणाल तर रुंद टायर दिसायला भारी, पण चिखलात फार उपयोगाचा असेलच असे नाही. मडगार्ड आणि टायरमधली जागा बोटांनी मोजून बघावी.

ब्रेकबाबत कायद्यानेच थोडी मदत केली आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस बंधनकारक झाले. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक पूर्ण जाम होऊ न देणारी व्यवस्था. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आपल्याकडे अजून समज आहे की पुढचा ब्रेक लावला की माणूस पडतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. तो हळूहळू दाबत वाढवायचा असतो, आणि वळणावर, वाळूवर जपून लावायचा असतो. हे हाताला कळायला मोकळ्या मैदानात आठ दिवस घालवावे लागतात.

रुमालाखालची बोटे

जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरवतात. बाहेरच्याला आकडा कळत नाही. मोटारसायकलच्या बाबतीतही फळ्यावरचा आकडा एक आणि रस्त्यावर आणेपर्यंतचा दुसरा. मध्ये नोंदणी, रस्ता कर आणि विमा असतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. तेव्हा विचारताना 'सगळे मिळून किती' असे विचारावे आणि प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागावी. दुचाकी विकताना हेल्मेट द्यावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८ मध्येच आहे. ते मागून घ्यावे.

पहिली गाडी जुनी घ्यावी का, असे बरेच पालक विचारतात. माझे मत, घ्यावी. शिकताना ती एक-दोनदा आडवी होणार. नव्या गाडीवरचा ओरखडा मुलाच्या आणि बापाच्या दोघांच्या मनावर उमटतो. मात्र नोंदणी पुस्तकातला चासी आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडून बघावा. वित्त कंपनीचा बोजा उतरला आहे ना, हे पाहावे. हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सौद्याच्या दिवशीच भरून घ्यावेत. आपण सीमेवर राहतो. बिदरकडची के.ए. ३८ नंबरची गाडी स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. ती कायमची आपल्याकडे ठेवायची तर तिकडचा ना-हरकत दाखला आणि इकडची नव्याने नोंदणी व कर, हे आलेच. तो खर्च किमतीत मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते बघावे, मग सौदा करावा.

परवाना आणि पोरवय

वर्षानुवर्षे बघतो, नववीतले पोर बापाची गाडी घेऊन दळण आणते आणि बाप कौतुकाने सांगतो. कायद्याने गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षे पूर्ण हवीत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १९९-क हे कलम आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. पण कलमापेक्षा साधा विचार पुरेसा आहे. ज्या मुलाला आपण अजून एकट्याने विहिरीवर पोहायला पाठवत नाही, त्याला देगलूर रस्त्यावर कसे सोडतो?

अठरा झाल्यावरही शिकाऊ परवाना काढल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. लोक तीस दिवस मोजतात. मी म्हणतो, सहा महिन्यांची मुदत आहे ती वापरा. एक महिना मैदान, एक महिना पहाटेचा रिकामा रस्ता, मग बाजार, आणि सगळ्यात शेवटी रात्र व पाऊस. मागे कुणाला बसवून नेणे हे तर वेगळेच शिक्षण आहे. ते अगदी अखेरीस.

आता एक आकडा, जो रविवारी सकाळी वाचायला बरा वाटणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणजे कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा मित्र. रोजचे एकशे सदतीस. आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला अन् झोपा केला. हेल्मेटच्या बाबतीत आपण तेही करत नाही. बैल गेल्यावरही झोपा मोकळाच ठेवतो. आयएसआय चिन्ह असलेले, हनुवटीखालचा पट्टा आवळल्यावर डोक्यावर न हलणारे हेल्मेट गाडीच्या किमतीतच धरावे. बजेट अपुरे पडले तर गाडी खालच्या दर्जाची घ्यावी, हेल्मेट नव्हे.

पुतण्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी त्याला एवढेच विचारले, "तुझी आई मागं बसून बाजाराला येईल, अशी कोणती?" त्याने आईला शोरूममध्ये नेले. दोनशे सीसीच्या गाडीची मागची सीट बघून ती माऊली म्हणाली, "ह्याच्यावर मी चढू कशी?" शेवटी एकशे पंचवीस सीसीची एक साधी गाडी ठरली, माझ्या मनातली नाही, त्याच्याही मनातली नाही. दोन हेल्मेटे घेतली. त्याने दोन वर्षांनी मोठी गाडी घेईन असे जाहीर केले आहे. मी म्हटले, जरूर घे. तोवर तुझ्या हाताला ब्रेक आणि पायाला जमीन ओळखीची झालेली असेल, आणि तेव्हा मी आडवा येणार नाही.

येत्या सणाला ज्या घरात पहिली गाडी येणार आहे, त्यांना माझी एवढीच विनंती. दुकानात जाताना चालवणाऱ्याला आणि त्याच्या मागे बसणाऱ्याला, दोघांनाही बरोबर न्या. पूजा, नारळ, हार, पेढे सगळे होऊ द्या. पण किल्ली हातात देण्याआधी हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने लावून बघा. घरातल्या सगळ्यांच्या देखत तो एकदा लावला गेला की दुसऱ्या दिवशी न लावता बाहेर पडणे पोराला थोडे तरी जड जाते.